मावळणीचा परवाना

१२ सप्टेंबर, शुक्रवार

झाली एकदाची सही. चौऱ्याऐंशी पानांचा करार, प्रत्येक पानावर माझी आद्याक्षरं, आणि पितृपंधरवडा चालू. गेटवरच्या ज्योतीरामने सकाळीच हटकलं होतं, "म्याडम, पंधरवड्यात नवं काम कुनी धरतं व्हय? दसऱ्याला करा की." त्याला सांगितलं की मुंबईची सिनेमा कंपनी आपल्या पंचांगावर चालत नाही. आज सही झाली नसती तर 'मावळण'चे हक्क हैदराबादच्या पार्कला गेले असते.

दैनंदिनी लिहायची सवय मोडली होती. परत सुरू करते आहे, कारण हे काम माझ्या एकटीच्या अंगावर आहे आणि कोणत्या दिवशी काय ठरलं ते उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. सतरा वर्षं चाकणला वायरिंगच्या कंपनीत क्वालिटी सांभाळली. ड्रॉइंगबाहेर एक मिलिमीटर गेलेला माल मी परत पाठवायचे, आणि लोक माघारी मला काय म्हणायचे तेही ठाऊक आहे. कंपनीने प्लांट हलवला, मी मोशीतच राहिले. दोन वर्षांपासून इंद्रायणीच्या पुलापलीकडच्या या पार्कात करारमदार बघते.

पाऊस संपला की वॉटर पार्क ओस पडतं, म्हणून मालकांच्या मुलाच्या, मिहिरच्या डोक्यातून हे हॅलोविन निघालं. त्याला वाटलं आयटीवाली पोरं भोपळे बघायला येतील. मी म्हटलं, भोपळ्याला इथे कोण घाबरतं? आपण त्याचे घारगे करतो. भूत द्यायचं तर आपलं द्या.

'मावळण'चे तीन भाग येऊन गेलेत. मावळण म्हणजे आत्या, माझ्या नवऱ्याच्या, श्यामच्या लातूरकडे असंच म्हणतात. सिनेमात बारशाला निघालेली विधवा आत्या वाटेत मरते आणि घरचे तिच्यासाठी न थांबता बाळाचं नाव ठेवून मोकळे होतात. मग ती येते आणि बाळाच्या कानात तिच्या मनातलं नाव सांगते. ते ज्याने ऐकलं तो जुन्या नावाला ओ देत नाही. एवढंच. रक्त नाही, किंकाळ्या नाहीत. मी मात्र थेटरात दोन्ही कान झाकून बसले होते.

आम्हाला पहिल्या दोन भागांचाच परवाना आहे. तिसऱ्यातलं काही वापरलं तर करार रद्द. कलम अकरा तर गमतीदारच आहे. मावळण करणारीचं खरं नाव पार्कात कुठेही दिसता कामा नये, हजेरीतसुद्धा. तिने मागच्या दाराने यायचं, एकटीने वेश चढवायचा, वेशात असताना स्वतःच्या नावाला ओ द्यायची नाही. कानात सांगायचं नाव मुंबईहून बंद पाकिटात फक्त तिच्यासाठी येईल. आम्ही विचारायचं नाही, तिने सांगायचं नाही. सिनेमा कंपनीत परवान्यांचं काम बघणाऱ्या स्वप्नालीला मी फोनवर विचारलं, तुम्हाला तरी माहीत आहे का?

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मी फक्त पाकीट कुरियर करते."

२० सप्टेंबर, शनिवार

मावळण मिळता मिळेना. सतरा मुलींचे फोटो पाठवले, सतराही नापास. स्वप्नालीकडून एकच ओळ येते, 'ही नाही.' कारण न देता माल नाकारणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

आज ऋता माझा घरी राहिलेला चष्मा द्यायला पार्कात आली. मिहिरने सहज तिचाही फोटो काढून पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं, 'हीच.' लेक माझी, वीस वर्षांची, ताथवड्याला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. जागेवरच नाचायला लागली. संध्याकाळचे चार तास, दहा ऑक्टोबर ते दोन नोव्हेंबर, त्यात दिवाळीची सुट्टी. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. गेलं वर्षभर ती घरात असूनही माझ्या वाट्याला येत नाही. आता रोज एका ठिकाणी तरी असू.

श्याम जेवता जेवता थांबला. "दुसरं कुणी भेटलं नाही का?" म्हणाला. मी म्हटलं, मंजुरी आलीय. तो म्हणाला, "आपल्या घरात मावळणीचं सोंग नको, मृदुला," आणि ताटावरून उठला.

तो काय म्हणत होता ते मला कळलं, आणि इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. ऋताच्या बारशाला श्यामची मोठी बहीण, कौशल्याताई, आदल्या दिवशीच लातूरहून आली होती. नाव आत्यानेच ठेवायचं. ती महिनाभर मनात एक नाव धरून होती, कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी तिचे यजमान गेले होते. माझी आई म्हणाली, "तिच्या हातून नको." श्यामने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. शेजारच्या बाईंनी कानात कुर्र करून मी ठरवलेलं नाव सांगितलं, आणि कौशल्याताई आत पन्नास माणसांचा शिरा भाजत राहिली. पुढच्या चैत्रात ती गेली. ते नाव कोणतं होतं, कुणालाच माहीत नाही. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. पण त्या गोष्टीचा आणि या कामाचा संबंध काय?

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. मिहिरला हसू येत होतं, पण आम्ही कंपनीत वाढलेली माणसं. यंत्र पुजल्याशिवाय दसरा होत नाही. धुराचं मशीन, स्पीकर, पाळणा हलवणारी मोटर, पान्यांची पेटी, सगळं पुसून मांडलं. हळद, कुंकू, झेंडू. मुखवटा कालच मुंबईहून आला होता, तोही मी रांगेत ठेवला.

ज्योतीराम त्याला हात लावेना. "ह्ये काय हत्यार हाय व्हय?"

"आपलं पोट ज्यावर चालतं ते हत्यार," मी म्हटलं.

"मग तुमीच लावा कुक्कू."

करारासोबत आलेल्या पुस्तिकेत मुखवट्याचं कपाळ मोकळं दाखवलंय, विधवा म्हणून. बोट कुंकवात बुडवलं आणि हात अडला. क्षणभर शिऱ्याच्या कढईपुढे उभी असलेली कौशल्याताई आठवली. मग मलाच माझा राग आला. मुखवट्याला कसलं वैधव्य! चांगलं ठसठशीत लावलं, वर अक्षता टाकल्या आणि हात जोडताना सगळ्या यंत्रांना म्हणतात तसं म्हटलं, "वर्षभर साथ दे, कुणाला इजा करू नको." नारळ ज्योतीरामने फोडला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रंगीत तालीम. मुखवट्यावरचं कुंकू निघत नाही. रॉकेलने पुसलं, स्पिरिटने पुसलं. शेवटी मी रीतसर फोटो काढून फरकाची मंजुरी मागितली. स्वप्नालीचं उत्तर, 'पुस्तिकेत नाही, पण राहू द्या. वरून होकार आहे.' वरून म्हणजे कोण ते तिने लिहिलेलं नाही.

हजेरीचा प्रश्न मी सोडवला. इथे कार्डाशिवाय आत येता येत नाही आणि कार्डावर नाव लागतं. ऋताचं नाव तर चालणार नाही. मग मी 'मावळण' या नावानेच कार्ड काढलं. कर्मचारी क्रमांक दोनशे अकरा. मिहिर म्हणाला, मॅडम तुम्ही ग्रेट आहात. कागद चोख असला की मला झोप चांगली लागते.

पाकीट आलं. ऋता ते घेऊन हसत वेशाच्या खोलीत गेली, वाचलं, करारात आहे तसं काडी लावून जाळलं. बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

"आई, हे नाव तुला माहितेय?"

"कलम अकरा," मी म्हटलं.

"तसं नाही गं. हे नाव मी आधी ऐकलंय. लहानपणी."

मी तिला थांबवलं. पहिल्याच दिवशी माझ्याच लेकीने करार मोडला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

११ ऑक्टोबर, शनिवार

काल उद्घाटन, आज हाउसफुल. निगडी, वाकड, पार तळेगावपासून लोक आले. प्रेक्षकांचे फोन दारातच काढून घेतो. आत काळोखा बोळ, मग बारशाची खोली. रिकामा पाळणा हलतोय, बायका पाळणा गातायत तो फक्त आवाज. पाटावर एकेकाने बसायचं. मागून हिरवं लुगडं सरसरतं, कानाशी 'कुर्र' होतं आणि नाव सांगितलं जातं. त्याच वेळी स्पीकरमधून पाठीत बुक्के मारल्याचा आवाज, आत्याच्या पाठीत बायका मारतात तसा. बस, बाहेर.

लोक कानावर हात ठेवून बाहेर येतात. मी दाराशी उभी राहून चौदा जणांना विचारलं, कोणतं नाव ऐकलं? एकालाही सांगता येईना. "जिभेवर आहे हो," एक बाई म्हणाल्या, आणि वाहनतळापर्यंत आठवत गेल्या.

मिहिर आनंदात आहे. मीही आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ज्योतीरामने गाठलं. "म्याडम, दोनशे अकरा नंबर आत आल्याली हाय. भायेर गेलीच न्हाई."

"कधीपासून?"

"शनवारपासनं. यंत्रात बगा की. आत पडलंय, भायेर न्हाई."

ऋता मागच्या दाराने जाते आणि कार्ड लावायला विसरते, दुसरं काय! रात्री रागावले तिला. ती म्हणाली, "मी रोज लावते." खोटं बोलायची सवय तिला नव्हती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गर्दीचा उच्चांक. मावळणीने एकतीस फेऱ्या केल्या, एकदाही पाणी मागितलं नाही. मला कौतुक वाटलं. कपाटातला फोन साडेआठला काढला तर ऋताचा दुपारी चारचा मेसेज, 'आज नाही येत. सबमिशन आहे, दिव्याकडे राहते.' म्हणजे आज घरी येत नाही. काम संपवून परस्पर मैत्रिणीकडे गेली असणार. मला तोंड दाखवून जायला काय झालं होतं?

१९ ऑक्टोबर, रविवार

आज फराळाची चकली तळताना ऋता ओट्याशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मी आत जाते ना, तेव्हा जागा भरलेली असते."

"कसली जागा?"

"पाटामागची. ती आधीच उभी असते. मग मी वेशाच्या खोलीत बसून राहते. आठपर्यंत."

मी हे स्वप्नालीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, सिनेमातली नटीही असंच बोलायची, भूमिका अंगात भिनली की असं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कॉलेजात नाटकाच्या वाटेला न गेलेली पोरगी! मी तिला म्हटलं, शाब्बास, असंच चालू ठेव.

मग थाळी न्यायला तिला हाक मारली. चार हाकांनंतर चकलीची थाळी घेऊन गेली. हल्ली तीन-चार हाका माराव्याच लागतात. वेशातली शिस्त घरातही पाळते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

श्यामला ओवाळायला कुणी नाही. गेली एकोणीस वर्षं तो या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घेतो. आज कंपनीला सुट्टी होती म्हणून घरी होता. ऋता निरांजनाचं ताट घेऊन बाहेर आली, पाट मांडला आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"बस की रे श्याम्या. उघड्या डोक्यानं बसतेत का? टोपी घाल."

मला हसू आलं. नक्कल काय हुबेहूब! आवाज थोडा खरखरीत, लातूरकडचा. श्याम हसला नाही. त्याने निमूटपणे रुमाल डोक्यावर घेतला आणि बसला. तिने ओवाळलं, त्याच्या तोंडात चिरोटा घातला आणि डाव्या हाताने त्याची हनुवटी धरून हलवली. श्याम लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. बापाला एवढं बरं वाटलं असेल तर बोलून कशाला विरस करा, म्हणून गप्प बसले.

नंतर मी त्याला म्हटलं, तुझी ताई असं म्हणायची हे तू तिला कधी सांगितलंस?

"कधीच नाही," तो म्हणाला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

स्वप्नालीने आतल्या कॅमेऱ्यातले फोटो मंजूर करून पाठवले. 'उंची तंतोतंत. पाच फूट सात.' ऋता पाच फूट तीन आहे. फोटोत पाटामागच्या चौकटीवरून मोजलं, खरंच पाच-सात भरते. चार इंचांचा फरक मी कधी सोडला नसता. कॅमेरा खालून लावलाय म्हणून असेल. आणि होकार वरून आलाय, तर मी कशाला उकरून काढू?

३० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी ऋताच्या कॉलेजातून फोन आला. काल तोंडी परीक्षेला ती गैरहजर लागली. मी म्हटलं, शक्य नाही, मी स्वतः तिला ताथवड्याला सोडलं. बाई म्हणाल्या, "हजर होती हो. समोरच बसली होती. सरांनी पाच वेळा नाव पुकारलं, हिने मान वर केली नाही. शेवटी गैरहजर लिहावं लागलं."

मी घरी गेले. ऋता खिडकीशी बसली होती. मी दारातून हाक मारली. मग जवळ जाऊन मारली. मग तिच्या तोंडासमोर उभी राहून मारली. तिने पाहिलं, ओळखीचं हसली, पण ओ दिली नाही. टेबलावर तिची वही उघडी होती. प्रत्येक पानावर नावाची ओळ मोकळी.

"तुझं नाव काय गं?" मी विचारलं.

ती विचारात पडली. "जिभेवर आहे," म्हणाली.

मला भीती वाटते आहे. हे शिस्त नाही, नाटक नाही. जे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं ते मी कागदात बसवत राहिले. माझी मुलगी माझ्या हातातून चालली आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हॅलोविन. मिहिरने भोपळे आणलेच. तो गेटवर भोपळ्यात दिवे लावत होता आणि मी ऑफिसात दार लावून तिसरा भाग बघत होते.

उपाय त्यातच आहे. शेवटी आई स्वतः पाटाशी येते, मुलाच्या कानात कुर्र करते आणि त्याचं पहिलं नाव सांगते. ते नाव त्याच पाटावर द्यावं लागतं. मग मूल ओ देतं. हा प्रसंग आपल्या परवान्यात नाही. पार्कात केला तर करार रद्द, नोकरीही जाईल. जाऊ दे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची ड्रॉइंग सांभाळली.

खरं तर बारशाला कुणाच्या तोंडून नाव जावं याचं मी राजकारण केलं, पण मी स्वतः तिच्या कानात कधी नाव सांगितलंच नाही. उद्या सांगेन. ती वेशात, तिच्या जागेवर असेल तेव्हाच.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी निघाले तेव्हा ऋता झोपली होती. चारपर्यंत ती बसने येते. मी पाच वाजता रांगेत उभी राहिले, तिकीट काढून, इतरांसारखी. फोन दारात जमा केला. माझ्या पुढे भोसरीचं एक जोडपं होतं, ते हसत आत गेलं आणि गप्प बाहेर पडलं.

मी पाटावर बसले. पाळणा हलत होता. हा पाळणा मी स्वतः तीन ठिकाणांहून कोटेशन मागवून घेतलेला, त्याची करकर मला पाठ आहे. मागून लुगडं सरसरलं. ती वाकली, आणि तिचं 'कुर्र' सुरू व्हायच्या आत मी वळून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. कुंकू लावलेला तो मुखवटा माझ्या गालाला लागला. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्र," मी म्हटलं. "कुर्र. कुर्र. ऋता. तुझं नाव ऋता. मी ठेवलं. ऋता."

स्पीकरमधून बुक्क्यांचा आवाज आला. ते बुक्के माझ्याच पाठीत बसत असल्यासारखं वाटलं. ती हलली नाही. मग मुखवट्याच्या आतून आवाज आला.

"ओ."

ऋताचाच आवाज. चार वर्षांची असताना खालच्या अंगणातून द्यायची तशी, लांब, लाडाची ओ. मी तिला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडले. तिच्या लुगड्याला तुपात भाजलेल्या रव्याचा वास येत होता. कँटीनमधला असेल. "आता घरी ये हं," मी म्हटलं. "ऋता, घरी ये. मी वाट बघते." तिने मान हलवली.

पुढचा माणूस खोळंबला होता, म्हणून बाहेर आले. दारात फोन परत मिळाला. श्यामचे सात कॉल.

"कुठे होतीस? ऋताला ताप आहे. बारा वाजल्यापासून उठलीच नाही. मी उशाशीच बसलोय."

मी विचारलं, कुणाच्या उशाशी?

"अगं ऋताच्या! आत्ता पाच-दहा मिनिटांपूर्वी मात्र दचकून उठली. कुणीतरी हातातलं काही ओढून घ्यावं तशी. आता शांत पडलीय. ताप उतरला वाटतं."

मी परत आत धावले. दिवे लावायला लावले. पाटावर हिरव्या लुगड्याची घडी होती, वर मुखवटा. कपाळ स्वच्छ, मोकळं. पुस्तिकेत आहे तसं.

२ नोव्हेंबर, रविवार

परवान्याचा शेवटचा दिवस. मी गेले नाही. मिहिरला फोन करून सांगितलं की काल मी तिसऱ्या भागातला प्रसंग केला, राजीनामा पाठवते. तो म्हणाला, मॅडम, कॅमेऱ्यात तर तुम्ही एकट्याच पाटावर बसलेल्या दिसताय.

दुपारचे दोन वाजलेत. ऊन स्वच्छ आहे, खाली सोसायटीत पोरं उरलेले फटाके उडवतायत. मी मुद्दाम हॉलमध्ये बसून लिहिते आहे, म्हणजे ती नजरेसमोर राहते. ताप पूर्ण उतरलाय. वरण-भात जेवली. वाटी पुढे केली तेव्हा मला म्हणाली, "बास, तुम्ही घ्या ना." श्यामलाही तुम्ही म्हणते. नवखी पाहुणी असते तशी सोफ्याच्या कडेला बसली आहे, गुडघे जुळवून. मी विचारलं, बाळा, आम्ही कोण? तर संकोचून म्हणाली, "फार चांगली माणसं आहात."

चूक कोणती झाली ते मला माहीत आहे, लिहवत नाही, तरी लिहिते. तिचं नाव तिच्याजवळ थोडं तरी शिल्लक होतं. ते मी माझ्या तोंडाने, पाटावर, रीतसर, दुसऱ्या कुणाला तरी दिलं. वर घरीही बोलावलं. आता हिच्यापाशी जुनंही नाही आणि ते पाकिटातलं नवंही नाही, विचारलं तर नुसती मान हलवते.

श्यामला सकाळी सगळं सांगितलं. वाटलं होतं, हात उगारेल. तो फक्त म्हणाला, "ताईचं एवढंच मागणं होतं गं," आणि तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसला आहे.

आत्ता, हे लिहिता लिहिता, राहवलं नाही. मी मान वर केली आणि हाक मारली, "ऋता."

समोरची पोरगी फटाक्यांचा आवाज ऐकत बसली होती, तशीच बसून राहिली.

"ओ, आले," असं उत्तर आलं. बाहेरच्या जिन्यातून. पायऱ्यांवर लुगड्याची सरसर ऐकू येते आहे आणि श्याम कडी काढायला उठला आहे.

पोरीने ते ऐकलं. ती माझ्याकडे वळली आणि खऱ्याखुऱ्या आनंदाने म्हणाली, "तुमची मुलगी आली वाटतं."